पान्याचं नाव वांदर

पावसाळ्यात आमच्या धंद्याला मरगळ असते. मोटर रिवाइंडिंगचं काम रब्बीत आणि उन्हाळ्यात. वरून फुकटचं पाणी पडत असताना विहिरीतलं कोण उपसतो? जून ते सप्टेंबर दुकानात मी असतो, बाबा असतात, हाताखालचा एक पोऱ्या असतो आणि टिनावर धडाधड उड्या मारणारी वांदरं असतात. गाव समुद्रपूर तालुक्यातलं. बाजाराला हिंगणघाट, एसटी धरायला जामचा चौरस्ता, बाकी नजर जाईल तिथवर पऱ्हाटी, सोयाबीन आणि अधूनमधून तुरीच्या ओळी.

गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं की अर्धवट सोडलेला एक गेम पुरा करायचा. सोडला होता 2001 साली.

तेव्हा मी हिंगणघाटला कॉम्प्युटर क्लासला जायचो. सरांच्या मशीनवर ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ होता. गेम 1990 चा, म्हणजे तेव्हाच अकरा वर्षं जुना, पण आम्हाला तर माऊससुद्धा नवा होता. गेम सुरू झाला की एका चाच्याचा चेहरा दाखवून तो साल विचारायचा. मी डोळे बारीक करून चेहरा न्याहाळायचो, विचार करून एखादं साल टाकायचो आणि दर वेळी ते बरोबर निघायचं. मला वाटायचं, आपल्याला चेहरे वाचता येतात. फार वर्षांनी कळलं, की खऱ्या गेमच्या डब्यात पुठ्ठ्याची दोन चकत्यांची फिरकी यायची. ती फिरवून चेहरा जुळवला की साल दिसायचं. ज्यानं विकत घेतला त्यालाच उत्तर मिळणार. सरांच्या कॉपीचं कुलूप आधीच कोणीतरी तोडलेलं होतं, काहीही टाका, दार उघडं. चाच्यांचा गेम, आणि आम्ही तो खेळत होतो तेही चाचेगिरी करूनच.

त्या वेळी मी तलवारबाजीत अडकलो. रस्त्यात जो चाचा भेटेल तो मला हरवायचा. महिनाभर हरलो, क्लास संपला, बाबांनी दुकानात बसवलं.

या वेळी मात्र विकत घेतला. पहिल्या भागाची नव्यानं रंगवलेली आवृत्ती 2009 ला आली, दुसऱ्या भागाची, म्हणजे ‘लेचक्स रिव्हेंज’ची, 2010 ला. सेलमध्ये दोन्ही मिळून एका तीन एचपी मोटरच्या मजुरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडले. डाऊनलोडला मात्र तीन रात्री गेल्या, कारण रेंज मिळते ती शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ. लॅपटॉप आणि मोबाईल थैलीत घालून मी टाकीखाली बसायचो. लोकांना वाटलं, याचं घरी भांडण झालं.

जोडीला भाचा होता. बहिणीचं गाव आडवळणाचं, म्हणून आठवीपासून तो आमच्याकडे शिकायला. त्याला मोबाईलवरचे गोळ्या झाडायचे गेम येतात. हे असलं, जिथं माणूस चालत जाऊन लोकांशी बोलतो आणि खिशात वस्तू भरत सुटतो, ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, हा समुद्री चाच्यांचा खेळ आहे.

“चाचे म्हंजे? काका लोक?”

आमच्याकडे निम्मी हिंदी निम्मी मराठी चालते, त्यामुळे प्रश्न रास्त होता. शेवटी गेमचं नाव त्यानंच ठेवलं, वांदराचं बेट.

पहिला भाग मृगाच्या पहिल्या सरींत सुरू केला. गोष्ट सरळ आहे. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक पोट्टा मेली बेटावर येतो आणि म्हणतो, मला चाचा व्हायचंय. दारूच्या गुत्त्यात बसलेले तीन बुजुर्ग चाचे त्याला तीन परीक्षा सांगतात. तलवारीत उस्ताद बाईला हरव, गव्हर्नरीणबाईंच्या वाड्यातून मूर्ती चोर, आणि पुरलेला खजिना उकरून आण. कोणती आधी करायची ते आपल्यावर. ही मांडणी मला आजही या दोन्ही गेममधली सगळ्यात सुबक गोष्ट वाटते. एकीकडे अडकलात तर दुसरीकडे वळा. आणि बेट एवढंसं, की पाच मिनिटांत एक चक्कर होते. आमच्या गावासारखंच. सकाळी पारावर, दुपारी पिठाच्या गिरणीवर, संध्याकाळी पानठेल्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या ठिकाणची बातमी मिळते.

तलवारबाजीचं कोडं मात्र या वेळी भाच्यानं सोडवलं. या गेममध्ये तलवार निमित्ताला आहे, खरी लढाई जिभेची. समोरचा टोमणा मारतो, त्याला फिट बसणारं उत्तर दिलं की तुमची सरशी. उत्तर येत नसेल तर हरा. पण हरताना त्याचा टोमणा तुमच्या पदरी पडतो. तो पुढच्या चाच्यावर फेकायचा. त्याला उत्तर येत असेल तर तुम्ही पुन्हा हरता, आणि ते उत्तरही तुमचं होतं. भाचा दुसऱ्याच दिवशी म्हणाला, “मामा, हारजो मुद्दाम. हारलं की मिळते.” मी 2001 साली महिनाभर हरलो होतो आणि दर वेळी चिडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. जमवलेलं सगळं माझ्याच हातानं पुसून.

अडचण इंग्रजीची होती. भाचा वाचतो, पण हळू. आणि टोमण्याची गंमत समजावून सांगेपर्यंत ती शिळी होते. मूळचा प्रसिद्ध टोमणा असा, की तू दुधाचा धंदा करणाऱ्यासारखा लढतोस. त्यावर उत्तर, की बरोबरच आहे, तू गायीसारखा लढतोस. मी एवढं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, हे त आपल्या झडत्यांसारखं आहे.

ज्यांनी विदर्भातला पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावातले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि बैल सुटायच्या आधी माणसं एकमेकांवर यमकातल्या झडत्या फेकतात. देवाच्या नावानं सुरू होणारी झडती कधी सरपंचावर जाते, कधी सावकारावर, कधी शेजारच्या आळीवर. समोरच्यानं तशीच परत केली तर पोरं शिट्ट्या मारतात. म्हणजे हा खेळ आम्हाला येत होता, आम्हाला ठाऊक नव्हतं एवढंच. मग आम्ही एक वही केली. डावीकडे टोमणा, उजवीकडे उत्तर, सगळं आमच्या बोलीत:

“तलवार धरतं का कासंडी धरतं, दूधवाल्याच्या पोरा?”
“समोर म्हैस उभी असंल त कासंडीच धरन ना बे, ढोरा!”

“माया घरचं कुत्रं तुयापेक्षा हुशार!”
“म्हणूनच त त्यानं तुले अक्षरं शिकवले चार!”

सगळी उत्तरं जमवून तलवारबाजीतल्या उस्ताद बाईसमोर, म्हणजे कार्लासमोर, गेलो तर तिचे टोमणे भलतेच निघाले. एकही वहीतला नाही. भाच्याचं तोंड उतरलं. मग लक्षात आलं, की टोमणे नवे असले तरी उत्तरं जुनीच चालतात; फक्त कोणतं कुठं बसतं ते कान लावून ऐकायचं. कोडं असावं तर असं. पाठांतर करायला लावलं, मग पाठांतर मोडलं, आणि तरी जमवलेलं काहीच वाया घालवलं नाही.

बाबा या काळात मागं खाटेवर पडून ऐकत असत. ते खेळत नाहीत, त्यांची नजर अधू झालीय. पण एका ठिकाणी त्यांनी उठून स्क्रीन पाहिला. गायब्रशजवळ एक रबराची कोंबडी आहे, तिच्या मधोमध कप्पी. दोन खडकांमध्ये ताणलेल्या तारेवर ती अडकवून लटकत पलीकडे जायचं.

“कप्पी त समजली,” बाबा म्हणाले. “कोंबडी कायले?”

हा प्रश्न गेली पस्तीस वर्षं जगभरचे लोक विचारत आले असतील.

दुसरा प्रसंग दम कोंडण्याचा. मूर्ती चोरताना गायब्रशला मूर्तीला बांधून समुद्रात फेकतात. तो आधीपासून सगळ्यांना सांगत फिरत असतो, की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. रॉन गिल्बर्ट, ज्यानं डेव्ह ग्रॉसमन आणि टिम शेफर यांच्यासोबत हा गेम लिहिला, त्यानं 1989 सालीच एक लेख लिहून या जातीच्या गेमना झोडपलं होतं. उठसूट मरण, मागं राहिलेल्या एका वस्तूपायी अडकून पडणं, असल्या गोष्टींवर त्याचा राग. म्हणून त्याच्या गेममध्ये तुम्ही मरत नाही. इथं मात्र खरोखर दहा मिनिटं काहीच न करता बसलात तर मरता. भाच्यानं हे करून पाहायचंच ठरवलं. बाबांनी घड्याळ धरलं. आमच्याकडे फूटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत बुडी मारणारे लोक आहेत, त्यातला पट्टीचा माणूस किती वेळ खाली राहतो यावर बाबांनी सात मिनिटं बोलून काढली. आठव्या मिनिटाला लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, पण तिनं दम धरला; आणि दहा मिनिटं होताच तो पोट्टा खरंच पाण्यात फुगून तरंगला. जुन्या चित्रांच्या पानावर गेलो तर खालची हुकमांची यादीही बदललेली. ‘उचल’, ‘ढकल’च्या जागी ‘तरंग’, ‘फूग’, ‘कूज’. भाचा गडाबडा लोळला.

या नव्या आवृत्तीत एक बटण दाबलं की जुनी चित्रं दिसतात, पुन्हा दाबलं की नवी. भाच्याला नवी आवडायची, मला जुनी. नव्यात गायब्रशच्या केसांचं जे काही केलंय ते कोणत्या न्हाव्यानं केलं देव जाणे. पण पहिल्या भागात जुन्या चित्रांवर गेलं की आवाज बंद होतात, नुसतं वाचावं लागतं. दुसऱ्यात जुनी चित्रं आणि आवाज दोन्ही एकत्र मिळतात.

आता खरं सांगायचं तर पहिल्या भागाचा मधला तुकडा पडेल आहे. ज्या वांदराच्या बेटाचं नाव गेमला दिलंय, तिथं पोहोचल्यावरच हवा जाते. होडी वल्हवत इकडून तिकडे जायचं, लोकवस्ती जवळजवळ नाही, बोलायला कोण तर एक विक्षिप्त म्हातारा आणि तब्येतीला जपणारे नरभक्षक. मेली बेटावर आम्ही पंधरा दिवस रमलो. इथून कधी सुटतो असं झालं. शेवट मात्र झकास. लेचक नावाच्या भुताशी गव्हर्नरीण इलेन मार्लीचं जबरदस्तीनं लग्न लागत असतं, आपला पोट्टा तिला वाचवायला चर्चमध्ये घुसतो, तर तिनं स्वतःची सुटका आधीच करून घेतलेली. नवरीच्या पोशाखात दोन माकडं! यानं मध्ये पडून उलट तिचा बेत मोडला. मग भुताला मारायचं ते रूट बिअर उडवून.

“म्हंजे दारू?” भाचा.

नाही. मुळ्यांच्या अर्काचं गोड सरबत, अमेरिकेत बाटलीत मिळतं. बाबांना अनंतमूळ आठवलं, त्यांनी ते कसं उकळायचं ते सांगितलं. भाच्याला भूत सरबतानं विरघळणं इतकं पटलं, की पोळ्याला त्यानं तोरणाखाली उभं राहून झडती म्हटली:

“शिंगाले बेगड, पाठीवर झूल,
दर्यातल्या भुतानं मांडली चूल,
सरबत शिंपडलं, इरघळलं भूत,
आमच्या नळाले पाणी नाही, कोणाची करतूत?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!”

पहिल्या तीन ओळी कोणालाच कळल्या नाहीत. चौथीवर शिट्ट्या पडल्या.

पोळ्यानंतर दुसरा भाग लावला. 1991 च्या डिसेंबरात आलेला, म्हणजे पहिल्यानंतर जेमतेम सव्वा वर्षानं. एवढ्या वेळात या लोकांनी काय काय वाढवलं ते पाहून मी थक्क झालो. हातानं रंगवलेली चित्रं कॉम्प्युटरमध्ये उतरवलेली. वुडटिक नावाचं गाव तर मोडक्या जहाजांवरच वसलेलं, कंदिलांच्या उजेडात तांबूस. संगीताची करामत वेगळीच. मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी त्यासाठी एक पद्धतच तयार केली होती. तुम्ही एका घरातून दुसऱ्यात गेलात की चाल तुटत नाही, वाद्यं बदलतात. भजनात एकानं झांज खाली ठेवली, दुसऱ्यानं पेटी ओढली, ठेका मात्र तोच, तसं. लाईन नसताना इअरफोन लावून मी नुसता वुडटिकमध्ये फिरत बसायचो. बायकोनं एकदा विचारलं, “काही करून राह्यले का नुसतंच हिंडून राह्यले?” नुसतंच हिंडत होतो.

पण हा दुसरा भाग स्वभावानं कडक आहे. पहिल्यातला गायब्रश भोळा. इथं त्याला दाढी आलीय, फुशारकी आलीय, इलेननं त्याला सोडलंय, आणि पहिल्या पाच मिनिटांत लार्गो नावाचा गुंड त्याचे सगळे पैसे काढून घेतो. भाचा इतका भडकला, की त्यानं लार्गोसाठी वहीतल्या सगळ्या झडत्या वाचल्या. पण या गेममध्ये त्यांचा उपयोग नाही. तलवारीची जुगलबंदी इथं ठेवलेलीच नाही, आणि तिची जागा भरून काढेल असंही काही नाही. मला ही दुसऱ्या भागाची सगळ्यात मोठी उणीव वाटते. त्याऐवजी थुंकण्याची स्पर्धा आहे. हसू नका, तिची रचना अचूक आहे. वाऱ्याचा झोत पाहून थुंकायचं, थुंकी घट्ट व्हावी म्हणून निळं आणि पिवळं पेय मिसळून हिरवं प्यायचं, आणि शिंग फुंकून लोक पांगले की अंतराच्या झेंड्यांची जागा बदलायची. खर्रा चघळून वीस फुटांवरचा खांब रंगवणाऱ्या माणसांच्या मुलखात हे कोडं एका बैठकीत सुटलं. आमच्या दुकानाची भिंत साक्षीला आहे.

अडकलात तर इशारा देणारं मदतीचं बटण या गेममध्ये आहे. मी ताठ मानेनं पैज लावली, ते दाबायचं नाही. मधला भाग, जिथं एका नकाशाचे चार तुकडे गोळा करायचे, तो स्कॅब, फॅट आणि बूटी अशा तीन बेटांवर पसरलाय. एका बेटावरची वस्तू तिसऱ्या बेटावर लागते, आणि खिशात इतकं सामान होतं की यादी खालीवर सरकवून बोट दुखतं. फॅट बेटावर एक वाचनालय आहे, त्यात कार्डांचे खण. भाच्याला कार्ड कॅटलॉग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं, की अशा खणांत आम्ही पुस्तकं शोधायचो. निम्मी कार्डं नुसत्या थट्टेची आहेत. ती वाचण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि एक मिनिटही फुकट गेलं नाही.

मग आला धबधबा.

फॅट बेटावर एक धबधबा आहे. वर चढून गेलात तर कळतं, की पाणी पंपानं सोडलंय. पंप बंद केला तर मागचा बोगदा उघडा पडेल. पंपाला फिरवायचा बोल्ट आहे, तो हातानं फिरत नाही.

लक्षात घ्या, माझा जन्म पंपांत गेलाय. मोनोब्लॉक, सबमर्सिबल, गंजलेला व्हॉल्व्ह, वाळूनं खाल्लेला इंपेलर, सगळं रोजचं. आयुष्यात पहिल्यांदा एका गेममध्ये पंप दुरुस्त करायची वेळ आली आणि मी तिथं नऊ दिवस अडकलो. बोल्टला पाना पाहिजे हे शेंबडं पोरही सांगेल. पण तीन बेटं धुंडाळली, पाना नाही. सुताराकडे नाही, जहाजावर नाही. भाचा प्रत्येक वस्तू पंपावर लावून पाहायचा, दोरी, कुत्रा, कागद. इकडे दसरा उलटला, गव्हा-हरभऱ्याची तयारी सुरू झाली, दुकानात मोटरी यायला लागल्या. शेतीची लाईन काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत कोणाचा स्टार्टर धरत नाही, कोणाची एक फेज येत नाही, की फोन. दिवसभर खरे पंप, मध्यरात्री खोटा पंप. झोपेत बोल्ट दिसायला लागला.

शेवटी एका रात्री दोन वाजता शेतातून आलो आणि पैज मोडून मदतीचं बटण दाबलं.

उत्तर होतं, माकड.

वुडटिकच्या गुत्त्यात जोजो नावाचं एक माकड पियानो वाजवतं. पियानोवर ताल देणारं लंबकाचं यंत्र आहे. त्यावर केळं ठेवलं की माकड केळ्याच्या झोक्याकडे बघत संमोहित होऊन लाकडासारखं ताठ होतं. ते उचलायचं, खिशात टाकायचं, दुसऱ्या बेटावर न्यायचं आणि त्याचाच पाना करून बोल्ट फिरवायचा. कारण अमेरिकन इंग्रजीत एका जातीच्या पान्याला मंकी रेंच म्हणतात.

मी लॅपटॉप आपटला नाही, एवढंच माझं मोठेपण. आमच्याकडे त्याला स्क्रू पाना म्हणतात. रिंग पाना, पाईप पाना, पक्कड, आणि स्क्रू पाना. माकड कुठून काढायचं? इंग्रजांच्या स्वतःच्या देशातसुद्धा पान्याला स्पॅनर म्हणतात, म्हणजे तिथलेही लोक या बोल्टपाशी बसून राहिले असणार. सकाळी चहाच्या वेळी मी तावातावानं बाबांना सांगितलं, ही फसवणूक आहे. ज्याला शब्द ठाऊक त्यालाच कोडं सुटणार, त्यात डोक्याचा काय संबंध?

बाबा बशीतला चहा फुंकत हसायला लागले. म्हणाले, “आपल्याकडे रंगाऱ्यानं घोडी मागितली अन् नव्या पोऱ्यानं घोडीच सोडून आणली त?”

आमच्याकडे उभ्या दुहेरी शिडीला घोडी म्हणतात. बंदुकीला घोडा असतो. बाबांनी गेम कधी खेळला नाही, पण विनोद एका घोटात कळला. भाचा मात्र लगेच वही घेऊन बसला. आपण कधी गेम बनवला तर त्यात असं ठेवू म्हणाला, की पोट्ट्याला माडीवर चढायचंय, शिडी कुठंच नाही, तर चिमूरच्या घोडायात्रेतून घोडी चोरून आणायची आणि भिंतीला लावायची. मी म्हटलं, हे मुंबईच्या माणसाला सुटंल का? तो म्हणाला, “नाई सुटलं त मदतीचं बटण आहे ना.”

तेव्हा मला पहिल्या भागातला पूल आठवला. तिथंही एक राक्षस वाट अडवून बसतो आणि मागतो अशी वस्तू, जी लक्ष वेधून घेईल पण जिला खरं महत्त्व नाही. उत्तर म्हणजे लाल हेरिंग मासा, कारण इंग्रजीत फसव्या खुणेला रेड हेरिंग म्हणतात. तोही शब्दाचाच खेळ, आणि तोही आम्हाला ठाऊक नव्हता. पण तिथं आम्ही वीस मिनिटांत सुटलो. राक्षस आधी बोलतो, दिशा देतो. मासा गुत्त्याच्या मुदपाकखान्यात डोळ्यांसमोर पडलेला, तो टिपायला आलेला पक्षी उडवायचा तेवढा. आणि खिशात वस्तू मोजक्या. शब्द नसला तरी हातानं उत्तर सापडतं. दुसऱ्या भागात पंप गप्प बसतो. माकड दुसऱ्या बेटावर, ते उचलता येतं याची कल्पना नाही, आणि उचलायला आधी केळं आणि लंबक. माझा राग शब्दावर नव्हता, त्या अंतरावर होता. एवढं मोठं रान करायचं, तर पायवाटेवर चार दगड तरी लावावेत.

आणि तरीही मला विचाराल तर दोहोंत दुसरा मोठा. पहिला मी कोणालाही देईन, भाच्याच्या मास्तरांनाही दिला. दुसरा सगळ्यांना देणार नाही. पण वुडटिकचा तो तांबूस उजेड, किंवा गायब्रशच्या स्वप्नात त्याच्या आईबापांचे सांगाडे नाचत गातात आणि पुढं लेचकच्या किल्ल्यात त्याच गाण्यातल्या हाडांच्या क्रमावरून दारं ओळखावी लागतात, असं काही पहिल्यात नाही. भाचा उलट म्हणतो. त्याच्या मते ज्या गेममध्ये झडत्या नाहीत तो गेम मोठा कसा? आमचा हा वाद दिवाळीपर्यंत चालला आणि आईनं फराळाच्या ताटावर तो बंद करायला लावला.

दुसऱ्या भागाचा शेवट ज्यांना पाहायचाय त्यांनी हा एक परिच्छेद ओलांडावा. लेचकशी झटापट करता करता ते दोघं एका बोगद्यात येतात, लेचक म्हणतो मी तुझा भाऊ, आणि बाहेर पडतात तर दोघं लहान पोरं, समोर पाळणे, फुगे, आईबाप रागावून उभे. समुद्र, चाचे, भुतं, सगळं जत्रेत हरवलेल्या दोन भावांचं. का आणखी काही, कारण शेवटच्या क्षणी त्या भावाचे डोळे चमकतात. भाच्यानं उशी फेकली. “तीन महिने झाले मामा, तीन महिने!” मला मात्र लहानपणीची गिरडची जत्रा आठवली. टेकडीवर गर्दीत बाबांचा हात सुटला आणि कितीतरी वेळ मी कोणत्यातरी दुसऱ्याच राज्यात होतो. मग बाबांनी कानाला धरून परत आणलं. हे मी भाच्याला सांगितलं. त्यानं विचारलं, “पण मंग इलेन कुठं गेली?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिल्बर्टनं पुढं 2022 साली ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ याच जत्रेपासून सुरू केला, तो अजून आम्ही घेतलेला नाही. तोवर वही भरतेय.

आता हंगाम जोरात आहे. परवा रात्री नाल्याकाठच्या एका विहिरीवर होतो, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह जाम. शेतकरी बॅटरी धरून उभा, मी चिखलात आडवा, आणि भाचा हट्टानं सोबत आलेला. मी हात मागं करून म्हटलं, “वांदर दे.”

त्यानं पेटीतून स्क्रू पाना काढून हातात ठेवला.

शेतकऱ्यानं बॅटरी आधी पान्यावर मारली, मग झाडावर.